सामाईक फोल्डरचा सातबारा

नानांच्या हार्ड डिस्कवरून सुरू झालेला वाद रात्री साडेनऊला थांबला, तेव्हा ओटीवर ठेवलेल्या चहाच्या कपांना मुंग्या लागल्या होत्या. वाद घालणारी माणसं दोन. एक आमचे आप्पा, माझे काका. आयुष्यभर महाड-पोलादपूरच्या सजांवर तलाठी होते. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आप्पा स्वतःला अजून तलाठीच म्हणवतात. दुसरी त्यांची नात. तिला घरात सगळे बाय म्हणतात. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती दासगावात बसून करते. मी गणपतीला मुंबईहून गेलेलो चाकरमानी, दोघांच्या मधल्या झोपाळ्यावर. अधूनमधून मीही तोंड घातलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

आधी हकिकत. नाना म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. महाडच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकान भरलं, पण काँप्युटर पोटमाळ्यावर होता म्हणून बुडाला नाही. पुढे ओलीने वर्षभरात त्याने मान टाकली. मग नानाही गेले. मागे राहिली ती डिस्क. बायने ती खोक्यातून काढली, बाहेरच्या डब्यात बसवली आणि माजघरातल्या आप्पांच्या डेस्कटॉपला लावली. घरातल्या कुणालाही आपापल्या लॅपटॉपवरून उघडता यावी म्हणून ती वायफायवर शेअर केली आणि त्या शेअरला नाव दिलं ‘सामाईक’. परवानगीच्या रकान्यात ‘एव्हरीवन’ आणि त्यापुढे ‘फुल कंट्रोल’. म्हणजे कुणीही यावं, वाचावं, लिहावं, पुसावं.

नाव वाचून आप्पांच्या भुवया वर गेल्या. ‘सामाईक’ हा शब्द त्यांनी आयुष्यभर सातबाऱ्यावर वाचला होता, आणि त्या शब्दावरून किती डोकी फुटली ते पाहिलं होतं.

आप्पा : उघडली काय?

बाय : माझ्या लॅपटॉपवर तुमचा काँप्युटरच दिसत नाही.

आप्पा : गाव सापडत नाही, की गावात घेत नाहीत?

बाय : काय?

आप्पा : अगो, दोन तक्रारी वेगळ्या. माणूस चावडीवर येऊन सांगायचा, साहेब, जमीन मिळत नाही. मी पहिलं विचारायचो, जमीन सापडत नाही की ताबा मिळत नाही? सापडत नसेल तर नकाशा काढायचा. ताबा नसेल तर नोंदवही.

हे वाक्य मी तिथेच टिपून घेतलं. जाळ्यावरच्या फायलींचं दुखणं काढताना निम्म्या लोकांचा वेळ जातो तो ह्या दोन तक्रारी एक समजल्यामुळे. ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असं मशीन म्हणत असेल तर परवानग्यांना हात लावण्यात अर्थ नाही. ‘अ‍ॅक्सेस नाकारला’ म्हणत असेल तर राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही, कारण दारापर्यंत तुम्ही पोचलेलाच आहात.

इथे तक्रार पहिल्या जातीची निघाली. गेल्या महिन्यात घरात फायबर आलं, राउटर नवा बसला. विंडोजला नवं जाळं दिसलं की ती त्याला बहुधा ‘पब्लिक’ धरते, म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय असावं तसं. मग स्वतःला लपवते आणि येणाऱ्याला फायरवॉलवरून परत पाठवते. बायने डेस्कटॉपवर जाऊन जाळं ‘प्रायव्हेट’ केलं. गाव सापडलं.

आता मशीनने नाव आणि पासवर्ड विचारला, आणि खरा वाद इथून पेटला.

बाय : हेच मला कळत नाही. घरातल्या घरात पासवर्ड कशाला? पूर्वी होमग्रुप म्हणून सोय होती, एक पासवर्ड टाकला की सगळी घरची मशीन एकमेकांना ओळखायची. २०१८ मध्ये विंडोज १० मधून ती काढून टाकली. आता दर मशीनवर खातं, दर खात्याला पासवर्ड. आपण काय बँक आहोत?

आप्पा : माझं नाव टाक.

बाय : टाकलं. घेत नाही. तुमच्या खात्याला पासवर्डच नाही आप्पा, आणि बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही. समोर खुर्चीत बसाल तर चालतं.

आप्पा : बरोबरच आहे. चावडीवर मला सगळे तोंडाने ओळखतात. अलिबागला गेलो तर ओळखपत्र लागतंच की!

बाय : आणि माझ्या खात्याचा पिन पण चालत नाही.

तो चालणारच नव्हता. चार आकड्यांचा पिन त्या एका मशीनपुरता असतो. जाळ्यावरून जाताना खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. कितीतरी घरांत हीच अडचण असते. रोज पिनने उघडणाऱ्या माणसाला आपला खरा पासवर्ड काय होता हेच आठवत नाही, आणि तो पिन पुन्हा पुन्हा टाकून मशीनला शिव्या देतो. बायने दिल्या, मी ऐकल्या.

मग तिने तिच्या मते सरळ रस्ता धरला. डेस्कटॉपवर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद केलं, म्हणजे नाव न सांगता कुणीही पाहुणा म्हणून यावं. तरी तिचा लॅपटॉप जाईना. तो विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्तीचा. त्या आवृत्तीपासून लॅपटॉपच असा पाहुणा व्हायला नकार देतो. समोरच्याने दार उघडं टाकलं तरी ओळख न विचारणाऱ्या घरात मी शिरणार नाही, असा त्याचा बाणा.

बाय : एक सेटिंग बदललं की शिरेल. बदलते.

आप्पा : थांब. नाव न विचारता आत घेणारं घर कशाला करतेस?

बाय : कारण हे घर आहे, आप्पा! पंधरा वर्षं मी इथे कडी न लावता वाढले. शेजारची काकी मागच्या दाराने येऊन विरजण घेऊन जाते. तिला आपण ओळखपत्र विचारतो? तुमच्या कुलपांनी कुणाचं भलं झालं सांगा. २००५ च्या जुलैत ह्याच दासगावात दरड आली. जुईला आली, कोंडिवत्याला, रोहणला आली. कुलूपबंद कपाटासकट घरं गेली. त्या कुलपांचा काय उपयोग झाला? कागद चार हातांत असतात तेव्हा वाचतात. म्हणून मी सगळं सगळ्यांना उघडं ठेवते.

आप्पा गप्प झाले. दासगावात तो विषय निघाला की कुणीही गप्प होतं. मला वाटलं वाद संपला, आणि बायचा मुद्दा मला तरी पटला होता. अजूनही पटतो. घरोघरी जे फोटो, जे कागद हरवतात ते चोरीला जात नाहीत. पासवर्ड ज्याच्या डोक्यात होता तो माणूस जातो आणि त्यांच्यावरचं कुलूप तेवढं शिल्लक राहतं.

आप्पा : प्रती चार कर, दहा कर. एक प्रत पुण्याला ठेव, एक ह्याच्याकडे मुंबईला दे. त्याला माझी ना नाही. पण तू प्रती केल्या नाहीस. एकच डिस्क ठेवलीस आणि दहा जणांच्या हातात खोडरबर दिलंस. वाचणं वेगळं गो, आणि खोडणं वेगळं. सातबाऱ्याची नक्कल आज कुणीही काढतं, २०१८ पासून तर डिजिटल सहीची घरबसल्या मिळते. म्हणून फेरफार कुणीही घालतो काय? आणि ते उरणला काय झालेलं, बंदर बंद पडलेलं?

हा टोला वर्मी बसला, कारण उत्तर बायलाच द्यावं लागलं, आणि ती प्रामाणिक आहे. विंडोजची मशीन एकमेकांशी फायली वाटून घेतात ती एसएमबी नावाच्या बोलीत. ह्या बोलीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत एक भोक होतं. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ त्या भोकातून जगभर पसरला. इंग्लंडात रुग्णालयं अडली. जूनअखेर ‘नॉटपेट्या’ आला. त्याने ते भोक तर वापरलंच, शिवाय एका मशीनवर चोरलेले पासवर्ड घेऊन तो शेजारच्या मशीनमध्ये शिरत गेला. मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी त्याने आडवी केली, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणच्या जेएनपीटीत, त्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. असला किडा एकदा घरातल्या एका मशीनवर बसला की त्या मशीनला जिथे जिथे लिहिता येतं तिथल्या सगळ्या फायली तो निकामी करतो. जिथे फक्त वाचता येतं तिथे त्याचं काही चालत नाही.

बाय : ते कंपन्यांचं झालं.

आप्पा : तुझ्या आतेभावाचा तो गेमचा लॅपटॉप ह्याच वायफायवर असतो ना?

ह्यावर बाय हसली. त्या लॅपटॉपवर काय काय उतरवलेलं असतं ते तिला माहीत होतं.

तडजोड अशी झाली. डेस्कटॉपवर ‘घर’ नावाचं एक वेगळं, साधं खातं उघडायचं. त्याला नीट पासवर्ड. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने तेच नाव सांगायचं. पासवर्ड देवघरातल्या पंचांगाच्या शेवटच्या पानावर लिहायचा. ही सूचना आप्पांची. बायने कपाळाला हात लावला, पण मला ती शहाणपणाची वाटते. घरच्या जाळ्याला धोका बाहेरून येणाऱ्याचा असतो, आणि तो पंचांग वाचायला येत नाही.

नव्या नावाने जाताना मशीनने आणखी एकदा अडवलं. एकाच वेळी एका मशीनशी दोन नावांनी बोलता येत नाही, आणि लॅपटॉपने आधीचं नाव धरून ठेवलं होतं. जुनी जोडणी तोडून पुन्हा जोडली आणि ‘सामाईक’ उघडलं. ‘गणपती २०१९’, ‘दुकान’, ‘लग्न’, सगळं दिसलं. ‘डॉक्युमेंट्स’वर टिचकी मारली. परवानगी नाही.

बाय : अरे देवा! एव्हरीवनला फुल कंट्रोल दिलंय. ह्याहून जास्त काय देऊ?

आप्पा : काय दिलंस ते दाखव.

तिने शेअरिंगचा टॅब दाखवला. एव्हरीवन, फुल कंट्रोल. मग तिने शेजारचा ‘सिक्युरिटी’ टॅब उघडला. तिथली यादी वेगळीच. सिस्टिम, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स, आणि तिसऱ्या ओळीत नावाऐवजी एक लांबलचक आकडा. एस-१-५-२१ पासून सुरू होणारा, मधे मोठमोठ्या संख्या, शेवटी १००१. त्याच्या आधी इंग्रजीत ‘अनोळखी खातं’.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती सोपी आहे, पण कुणी सांगत नाही. विंडोजवर शेअर केलेल्या फोल्डरला दोन दारं असतात. शेअरची परवानगी म्हणजे आगराचं फाटक. रस्त्यावरून, म्हणजे जाळ्यावरून येणाऱ्यालाच ते लागतं. फायलीची स्वतःची परवानगी म्हणजे घराचं दार. ते सगळ्यांनाच लागतं, घरात बसलेल्यालासुद्धा. दोन्हींतून पार व्हावं लागतं, आणि ज्याची मुभा कमी त्याचंच चालतं. फाटक सताड उघडं टाकल्याने दाराची कडी निघत नाही. बायने एव्हरीवन लिहिलं ते फाटकावर.

आप्पा : मग ठराव झाला, अंमल झाला नाही. ह्या प्रकाराला आपला महाड नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांनी ठराव पास करून घेतला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. ५ जानेवारी १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळ्यांना परवानगी. आणि तळ्यावर? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब स्वतः जाऊन पाणी प्याले तोवर कुणाला पाऊल टाकता आलं नव्हतं, आणि त्यानंतरही नगरपालिकेने तो ठराव फिरवलाच. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब पद्मावती बोटीने आले आणि २५ तारखेला दुपारी उतरले ते इथे, आपल्या दासगावच्या बंदरात. सत्याग्रही इथून महाडला चालत गेले. तळ्याच्या दाव्यात हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

बाय : आप्पा, तिथे माणसाला माणूस म्हणून नाकारलं होतं. इथे एक फोल्डर उघडत नाहीये. हे एका तागडीत घालू नका.

आप्पा : नाही घालत. चुकलंच. मी फक्त ठरावापुरतं बोललो.

बाय : आणि घालायचंच तर त्यातून माझं म्हणणं निघतं, तुमचं नाही. जे सार्वजनिक आहे तिथे परवानगी मागायची पाळीच येता कामा नये.

मी झोपाळा थांबवला. आप्पांनी पानाचा डबा उघडला, पान काही लावलं नाही.

आप्पा : तळं सार्वजनिक होतं, म्हणून तिथे कुणाला अडवणं हा अन्याय. पण नानाची वही सार्वजनिक नाही. आधी वस्तू कुठल्या सदरात बसते ते ठरव, मग दार उघडं ठेवायचं की नाही ते बोलू. तू काय केलंस? तळं, विहीर, देवघर आणि नानाची ट्रंक, सगळ्यांवर एकच पाटी लावलीस.

त्या रात्रीच्या भांडणातलं हे एक वाक्य मला आप्पांच्या बाजूला घेऊन गेलं. बाय फोल्डरांकडे ‘उघडं की बंद’ म्हणून पाहत होती. आप्पा विचारत होते ते कुणाचं आणि कशासाठी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका टिचकीत देता येतं, म्हणून मशीनसमोर बसलेला माणूस तोच प्रश्न विचारतो.

मग त्या आकड्याकडे वळलो.

आप्पा : हा कोण?

बाय : नानाआजोबा.

विंडोज फायलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, खात्याचा क्रमांक लिहिते. क्रमांकावरून नाव शोधायची वही त्या त्या मशीनच्या विंडोजमध्ये असते. नानांचं मशीन गेलं, त्याबरोबर ती वही गेली. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की तिथली विंडोज क्रमांक वाचते, आपल्या वहीत बघते, सापडत नाही, म्हणून आकडाच दाखवते. फायलींचा मालक आहे, पण तो कोण हे सांगणारं कुणी उरलं नाही. बायने आदल्या दिवशी एक युक्ती केली होती. डेस्कटॉपवर ‘नाना’ नावाचं खातं उघडलं, तोच पासवर्डही दिला. काही झालं नाही. नव्या खात्याला क्रमांक नवा मिळतो.

आप्पा : अगो, एका नावाची चार माणसं एका वाडीत असतात. नाव सारखं म्हणून जमीन मिळते काय? खाते नंबर बघायचा. हे तर सरळ मयताचं प्रकरण आहे. सातबाऱ्यावर पणजोबा अजून जिवंत असतात, तसं. वारस तपास करायचा, सहा-क ला नोंदवायचं, मग सहा नंबरला फेरफार. हितसंबंधितांना नोटिसा, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करणार.

बाय : तुमच्या त्या फेरफारला महिने जातात. इथे ‘टेक ओनरशिप’ म्हणून बटण आहे.

आप्पा : दाब. पण कुणाच्या नावावर करतेस?

ह्या प्रश्नावर ती थांबली. आतापर्यंत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून तिचंच नाव चालत होतं, आणि तिला वाटत होतं तेवढं पुरे. पण त्यातही एक मेख आहे. डेस्कटॉपसमोर बसून तिने ते फोल्डर उघडलं असतं तर मशीनने ‘कंटिन्यू’ म्हणून विचारलं असतं आणि होय म्हटल्यावर उघडलं असतं. लॅपटॉपवरून जाळ्याने आलं की तीच बाय, तेच अ‍ॅडमिनचं खातं, तरी घरच्या साध्या विंडोजवर तिच्या अंगचा अधिकार काढून घेतला जातो आणि तिला सामान्य माणूस म्हणून वागवलं जातं. बाहेरून आलेल्या कुणी चोरलेल्या नावाने मशीनचा ताबा घेऊ नये म्हणून ही खबरदारी. म्हणून यादीत ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ लिहिलेलं दिसतं आणि तरी अ‍ॅडमिनला जाळ्यावरून नकार मिळतो. हे ठाऊक नसेल तर माणूस तासन्‌तास चक्रावतो.

मालकी आप्पांच्या खात्यावर करायची ठरली. वारसांत ते ज्येष्ठ, नानांना मूलबाळ नाही. आतल्या सगळ्या फोल्डरांना आणि फायलींना लागू, अशी खूण करून बायने बटण दाबलं. पट्टी सरकत राहिली. संपली. लॅपटॉपवरून पुन्हा टिचकी. परवानगी नाही.

बाय : आता काय?

आप्पा : (खूश होऊन) मालकी झाली, ताबा कुठे झाला?

ह्या बाबतीत त्या यंत्राची आणि महसूल खात्याची पत्रिका तंतोतंत जुळते. मालक झाल्याने फाईल वाचता येते असं नाही. मालकाला एवढाच हक्क मिळतो की कुणाला काय करता येईल ती यादी तो बदलू शकतो. यादी नंतर लिहावीच लागते. ती लिहिली. ‘घर’ खात्याला वाचण्यापुरतं. बायच्या स्वतःच्या खात्याला बदलण्याचा अधिकार, कारण साफसफाई तीच करणार. एव्हरीवन कुठेच नाही. वरच्या फोल्डरची यादी खालच्यांनी वारशाने घ्यावी, अशी खूण.

‘डॉक्युमेंट्स’ उघडलं.

तरी ‘लग्न’ फोल्डरमधले अकरा फोटो उघडेनात. बाकीचे शेकड्यांनी उघडत होते, हेच अकरा अडले होते. मला वाटलं फोटो खराब झाले असतील, आणि मी तसं म्हणालोही. बायने सिक्युरिटी टॅब बघितला. त्या अकरांवर अजून नानांची जुनी यादी होती.

बाय : आजोबांनी हे फोटो त्यांच्या डेस्कटॉपवरून कट करून इथे पेस्ट केले असणार. कॉपी केले असते तर इथल्या फोल्डरची परवानगी लागली असती. एकाच डिस्कवर कट-पेस्ट केलं की फाईल आपली जुनी परवानगी बरोबर घेऊन येते.

आप्पा : बोजा. जमीन कुणाकडेही जाऊ दे, सोसायटीचा बोजा बरोबर जातो.

बाय : आणि पेनड्राइव्हवर घातलं की सगळं पुसलं जातं, कारण बहुतेक पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ असतात. तिथे मालकाची नोंदच नसते.

आप्पा : म्हणजे त्याला सातबाराच नाही!

बाय : नाही. म्हणूनच लोकांना पेनड्राइव्ह आवडतो, आप्पा. कुणी कुणाला विचारत नाही. माझं म्हणणं तेच आहे.

आप्पा : आणि हरवला तर ज्याला सापडेल त्याचा. माझं म्हणणं ते आहे.

अकरा फोटोंवरचा बोजा उतरवला, म्हणजे वरच्या फोल्डरची परवानगी त्यांना नव्याने घ्यायला लावली. एका फोटोत नाना नवरदेवाच्या शेजारी उभे होते, डोक्यावर फेटा वाकडा. नवरदेव मी होतो.

एक खुलासा इथेच करून ठेवतो. नानांनी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असती तर ह्यातलं काहीच साधलं नसतं. परवानगी म्हणजे नोंद. नोंद बदलता येते. बिटलॉकरसारख्या कुलपात मजकूरच मुळातून बदललेला असतो. तिथे आप्पांचा फेरफार चालत नाही आणि बायचं बटणही. तिथे फक्त किल्ली चालते. हल्लीच्या अनेक लॅपटॉपांत असं कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं आणि त्याची अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडून असते. ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावं, इतकं तरी आज रात्रीच करून टाका.

बायच्या पक्षाचा मान राखायचा तर तिचं एक म्हणणं शेवटपर्यंत पडलं नाही. ती म्हणाली, तुमच्या पद्धतीने नोंदी ठेवायला घरात एक तलाठी लागतो. आप्पा आहेत तोवर ठीक. नंतर ह्या याद्या कोण सांभाळणार? लोक एव्हरीवन लिहितात ते मूर्खपणाने नाही, सांभाळणारा नसतो म्हणून. आप्पांकडे ह्याला उत्तर नव्हतं. त्यांनी आपली जुनी निळी वही काढली, एक पान आखलं, फोल्डर, मालक, वाचणारे, लिहिणारे असे चार रकाने पाडले आणि शेवटी पाचवा, शेरा. बायला म्हणाले, माझ्यानंतर तू. ती म्हणाली, मी तेव्हा सगळं एव्हरीवन करीन. ते म्हणाले, कर, पण शेऱ्यात तारीख घाल.

मग ‘दुकान’ फोल्डर बघायला घेतलं. आत वर्षवार हिशेब होते, आणि ‘उधारी’ नावाची एक फाईल. बायने ती उघडली आणि पहिल्या पानावरच थांबली. नावं ओळखीची होती. बाजारपेठेतली, आपल्या वाडीतली, दोन तर आमच्याच भावकीतली. प्रत्येकापुढे रक्कम. पुराच्या तारखेनंतर बऱ्याच रकमांवर रेघ मारलेली, आणि त्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

ओटीवरून आप्पांनी विचारलं, काय आहे गो त्यात?

बायने उत्तर दिलं नाही. फाईल बंद केली, सिक्युरिटी टॅब उघडला, वरून येणारा वारसा त्या एका फोल्डरपुरता तोडला आणि यादीतून ‘घर’ काढलं. मग जरा थांबून स्वतःचं खातंही काढलं. निळ्या वहीत ‘दुकान’पुढे मालक म्हणून आप्पांचं नाव आहे. वाचणारे आणि लिहिणारे हे दोन रकाने कोरे आहेत, आणि शेऱ्यात बायच्या अक्षरात तारीख आहे.